इंजिन ऑईल कधी बदलावे? पसरणी घाटातून दिसणारा एका आकड्याचा इतिहास

१/२५
गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन गाडी बाहेर पडते, तेव्हा काचेच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर एक लहानसा कागद चिकटवलेला असतो : पुढील ऑईल बदल अमुक किलोमीटरवर. हा आकडा सहसा कोणी तपासून पाहत नाही. वडिलांच्या काळी पाच हजार होता म्हणून आजही पाच हजार; पुस्तिकेत दहा हजार छापला आहे म्हणून दहा हजार. पण तो मुळात आला कोठून? त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो समजून घ्यायला महाबळेश्वरची घाटवाट फार उपयोगी पडते. #धागा #इतिहास #महाबळेश्वर

२/२५
प्रारंभ मोटारीच्या आधीपासून करावा लागेल. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये महाबळेश्वरी हवा खाण्याचे ठाणे वसवले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन या मुलखाच्या बदल्यात वाईकडील खंडाळा गाव साताऱ्यास मिळाले. पुढे महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण बनले. १८८० च्या दशकात पुण्याहून निघालेली रेल्वे वाठारला पोहोचली. तेथे उतरून टांग्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि मग महाबळेश्वर असा प्रवास होई.

३/२५
या टांग्यांची घोडी टप्प्याटप्प्याने बदलावी लागत. सपाटीवरचा कोस आणि घाटातला कोस कागदावर सारखाच. घोड्याच्या दमाला मात्र तो सारखा नसे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटरांची चढण. किती कोस झाले यापेक्षा ते कसे झाले, हे पाहूनच जनावराला विसावा द्यायचा, हे शहाणपण टांगेवाल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. मोटारीच्या तेलाबाबत मात्र हेच शहाणपण यंत्रशास्त्राला नव्याने मिळवावे लागले आणि त्यात बरीच दशके गेली.

४/२५
तेलाचेही तसेच. बैलगाडीच्या आसाला वंगण लागे आणि गाडीवान ते बरोबर बाळगत असे. ते ‘बदलण्याचा’ प्रश्नच नव्हता. आस कुरकुरू लागला की वंगण घालायचे. जुने आपोआप गळून किंवा झिजून जाई. एरंडेल हे त्या काळी घराघरांतले तेल होते : औषधाला, दिव्याला, चामडे मऊ ठेवायला. याच एरंडेलाने पुढे मोटारीच्या आणि विमानाच्या इंजिनात प्रवेश केला. आज जगातील सर्वाधिक एरंडी पिकवणारा देश भारतच आहे.

५/२५
इंजिनात तेल चार कामे करते. धातूवर धातू घासू देत नाही. पिस्टन आणि बेअरिंगांची उष्णता वाहून नेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधली सांद भरून दाब धरून ठेवते. आणि चौथे, ज्वलनाची काजळी, धूळ, धातूचा कीस हे सारे स्वतःत सामावून घेते. पहिली तीन कामे तेल फार लवकर शिकले. चौथे काम शिकायला त्याला १९३० चे दशक उजाडावे लागले. ऑईल किती दिवसांनी बदलायचे, याचा सगळा इतिहास या चौथ्या कामाभोवती फिरतो.

६/२५
अगदी सुरुवातीच्या अनेक इंजिनांत तेल थेंबाथेंबाने आत सोडले जाई आणि ते जळून किंवा गळून बाहेर पडे. पहिल्या महायुद्धातील विमानांची गोल फिरणारी रोटरी इंजिने अशीच एरंडेल पीत आणि धुराबरोबर ते मागे फेकत. ब्रिटिश उद्योजक चार्ल्स चीअर्स वेकफील्ड याने १९०९ मध्ये आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडीवरूनच. या व्यवस्थेत तेल सतत नवे मिळे, त्यामुळे ‘कधी बदलावे’ हा प्रश्न उद्भवत नव्हता. ‘किती घालावे’ एवढाच प्रश्न होता.

७/२५
एरंडेल तापल्यावरही धातूला चिकटून राहते, हा त्याचा मोठा गुण. पण दीर्घकाळ तापले की त्याचा डिंकासारखा चिकट थर बसतो, हा तितकाच मोठा दोष. शिवाय प्रत्येक फेरीला तेल जाळत राहणे सामान्य मालकाला परवडणारे नव्हते. म्हणून खनिज तेल आले आणि तेच तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठवून पुन्हा पुन्हा फिरवण्याची पद्धत रूढ झाली. तेल परत फिरू लागले, तसा त्यातला मळही परत फिरू लागला. ‘ऑईल बदलणे’ ही कल्पना इथे जन्मली.

८/२५
१९०८ मध्ये बाजारात आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ हे याचे उत्तम उदाहरण. तिला तेलाचा पंप नव्हता. चेंबरमधले तेल फिरत्या भागांनी उडून सगळीकडे पोहोचे. फिल्टर नव्हता. तेलाची पातळी पाहण्याची पट्टीही नव्हती. गाडीखाली दोन लहान तोट्या होत्या, त्या उघडून कोणत्या तोटीतून तेल येते यावरून अंदाज घ्यायचा. फोर्डच्या पुस्तिकेतला सल्ला असा : नव्या गाडीचे तेल पहिल्या ४०० मैलांनी काढावे आणि त्यानंतर सुमारे दर ७५० मैलांनी. म्हणजे जेमतेम १२०० किलोमीटर.

९/२५
आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. त्या काळाच्या हिशेबाने तो अगदी रास्त होता. कार्ब्युरेटरमधून जास्तीचे पेट्रोल आत जाई आणि थंड इंजिनात न जळता रिंगांवरून घसरून तेलात मिसळे. रस्ते कच्चे, धूळ भरपूर. हवा गाळण्याची सोय बेताची किंवा मुळीच नाही. धातूची घडण आजच्याइतकी नेमकी नसल्याने कीसही अधिक पडे. अशा इंजिनात बाराशे किलोमीटर फिरलेले तेल म्हणजे पातळ झालेला, धूळमिश्रित चिखल. आकडा तेलाचा एकट्याचा नव्हता. इंधन, रस्ता आणि इंजिन या तिघांनी मिळून तो ठरवला होता.

१०/२५
आता अशी गाडी पसरणी घाटात आणून पाहावी. उंची वाढते तसे पाणी कमी तापमानाला उकळते. महाबळेश्वरच्या १३७२ मीटर उंचीवर ते सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. जुन्या रेडिएटरांना दाब धरून ठेवणारी झाकणे नव्हती, म्हणून चढणीवर रेडिएटर लवकर उकळे आणि गाडी कडेला लावून पाणी घालावे लागे. पाणी उकळताना दिसते. तेल करपताना दिसत नाही. त्याच चढणीवर खालच्या गिअरमध्ये जोराने फिरणाऱ्या इंजिनात तेल तापून त्याचा हवेशी संयोग होत असे आणि त्याचे आयुष्य मुकाट्याने आटत असे.

११/२५
तेलाच्या इतिहासातील पुढची पायरी मोजमापाची. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘एसएई’ने, १९११ मध्ये तेलाच्या दाटपणानुसार वर्गवारी केली. डब्यावर आजही दिसणारे ३०, ४० हे अंक त्या परंपरेतले. त्यापूर्वी ‘हलके’, ‘मध्यम’, ‘जड’ अशा शब्दांवर व्यवहार चाले आणि प्रत्येक विक्रेत्याचे ‘मध्यम’ वेगळे असे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर आणला. ‘प्युरोलेटर’ हे त्याचे नाव शुद्ध तेलाच्या कल्पनेवरूनच घडवलेले. किलोमीटरांचा आकडा वाढायला येथून खरी सुरुवात झाली.

१२/२५
पण फिल्टर फक्त कण अडवतो. काजळी आणि डिंकासारखा मळ त्याच्यातून सुटतो आणि साध्या तेलाला तो धरून ठेवता येत नाही. मग तो पिस्टनवर, रिंगांच्या खाचांत, चेंबरच्या तळाशी साचतो. परिणाम विचित्र होई : पट्टीवर तेल स्वच्छ दिसे आणि इंजिन आतून घाणीने भरलेले असे. डिझेल इंजिने जोमाने वापरात आली, तेव्हा हा दोष असह्य झाला. अमेरिकेत कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांच्या रिंगा मळाने जखडू लागल्या. त्यावरचा उपाय म्हणून मळ विरघळवून धरून ठेवणारी द्रव्ये घातलेले ‘डेलो’ हे तेल १९३५ मध्ये बाजारात आले.

१३/२५
डिझेलचा हा बदल सातारा-सांगलीच्या दृष्टीने दूरचा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडवायला सुरुवात केली होती. सातारा रोड येथे सर धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून उभा होता आणि १९३० च्या दशकात तेथे डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरची मोट जाऊन तिथे ‘ऑईल इंजिन’ धडधडू लागले.

१४/२५
विहिरीवरच्या या इंजिनाने एक मोलाचा धडा दिला. ते जागचे हलत नाही. त्याला मैल नाहीत, किलोमीटर नाहीत. मग त्याचे ऑईल कधी बदलायचे? उत्तर एकच : चाललेल्या तासांवरून. ऊस भिजवताना किती पाळ्या झाल्या, इंजिन किती रात्री चालले, यावर शेतकऱ्याचा हिशेब असे. ट्रॅक्टरवर आजही तास मोजणारे मीटर असते. किलोमीटर हा तेलाच्या झिजेचा मूळ मापदंड नाही. ती मोटारमालकाने सोयीसाठी स्वीकारलेली खूण आहे. खरे माप इंजिन किती फिरले आणि किती तापले हे आहे.

१५/२५
मळ धरून ठेवणाऱ्या तेलाने मात्र एक गैरसमज जन्माला घातला, जो आजही जिवंत आहे : तेल काळे पडले म्हणजे ते खराब झाले. साध्या तेलाच्या काळात वाढलेल्या चालकांना नवे तेल थोड्याच दिवसांत काळे झालेले पाहून फसवणुकीची शंका येई. वस्तुतः काळे होणे हे ते तेल आपले काम करीत असल्याचे लक्षण होते. काजळी धातूवर न बसता तेलात तरंगत होती. डिझेल इंजिनात तर नवे तेल फारच लवकर काळवंडते. रंग पाहून ऑईल बदलणारा मालक अनेकदा चांगले तेल फेकतो आणि सोनेरी दिसणाऱ्या, पण आम्ल झालेल्या तेलावर विसंबतो.

१६/२५
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘तीन हजार मैल’ हा आकडा जणू मंत्र झाला. तीन हजार मैल म्हणजे ४८२८ किलोमीटर. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि रस्त्यावरचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. आपल्याकडच्या गॅरेजांत रुळलेला ‘पाच हजार’ हा त्या तीन हजार मैलांचा जवळचा शेजारी. ॲम्बॅसिडर आणि फियाटच्या काळात तो सावध आणि योग्य आकडा होता. पण हळूहळू त्याचे कारण विसरले गेले आणि आकडा तेवढा शिल्लक राहिला. तेल विकणाऱ्याला आणि बदलणाऱ्यालाही तो गैरसोयीचा नव्हता.

१७/२५
ते कारण मुख्यतः इंधनात होते. पेट्रोलमध्ये शिसे घातलेले असे आणि त्याचे क्षार तेलात उतरत. डिझेलमध्ये गंधक असे. गंधक जळून पाण्याशी मिळाले की तीव्र आम्ल बनते आणि ते बेअरिंग खाते. या आम्लाचा बिमोड करण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्यांचा साठा घातलेला असतो. तो संपला की तेल दिसायला कितीही चांगले असो, त्याचे रक्षण संपले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. अशा डिझेलवर पाच हजारांचा आकडा खर्चिक वाटला, तरी अनाठायी नव्हता.

१८/२५
ज्यांच्याकडे शेकडो इंजिने होती, त्यांना अंदाजावर विसंबणे परवडणारे नव्हते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि महाराष्ट्रात एसटीचे युग सुरू झाले. प्रत्येक गाडीची नोंद ठेवून तिची निगा राखणे हा अशा मोठ्या वाहतुकीचा पाया असतो. अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीने १९४० च्या दशकातच डिझेल इंजिनांचे तेल प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती. तेलात तांबे वाढले तर बेअरिंग झिजते आहे, लोखंड वाढले तर सिलिंडर, आणि सिलिकॉन वाढले तर धूळ शिरते आहे. इंजिन न उघडता त्याची नाडी पाहण्याची ही विद्या आजही वापरात आहे.

१९/२५
दरम्यान तेल बदलत गेले. १९५० च्या दशकात थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे बहुश्रेणी तेल प्रचारात आले. १९७० च्या दशकात मोटारींसाठी कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेले दुकानांत मिळू लागली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. २००० मध्ये देशभर शिसेमुक्त पेट्रोल झाले. कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या आज्ञेने मोजून इंधन फवारणारी यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ इंधनात गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले. डिझेलपुरते पाहिले तर एका पिढीत हजारपट घट. ज्या शत्रूंसाठी पाच हजारांची चौकी बसवली होती, त्यांतले बहुतेक निघून गेले.

२०/२५
म्हणून आज अनेक मोटारींच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. पण त्याच पुस्तिकेत थोड्या पुढे एक दुर्लक्षित तक्ता असतो : कठीण वापर. धुळीचे रस्ते, डोंगराळ भाग, वारंवार लहान फेऱ्या, इंजिन चालू ठेवून दीर्घकाळ उभे राहणे, ओझे ओढणे. अशा वापरात अवधी कमी करावा, बहुधा निम्म्यावर आणावा, असे त्यात सांगितलेले असते. हा तक्ता वाचताना कोणी महाबळेश्वरच्या टॅक्सीचे वर्णन लिहून ठेवले आहे असे वाटावे.

२१/२५
दोन गाड्या घ्याव्यात. एक पुणे-सातारा महामार्गावर ताशी सरासरी साठ किलोमीटरने धावते. तिला दहा हजार किलोमीटरला सुमारे १६७ तास लागतात. दुसरी महाबळेश्वरात हंगामाच्या दिवसांत बाजारपेठ, वेण्णा तलाव, विल्सन पॉइंट, ऑर्थर सीट अशा फेऱ्या मारते. रांगा आणि चढण धरून सरासरी वीसची. तिला तेच दहा हजार किलोमीटर कापायला ५०० तास लागतात. मीटरवरचा आकडा एकच. दुसरीचे इंजिन तिप्पट वेळ चाललेले. त्यात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे दर किलोमीटरचे फेरे वरच्या गिअरच्या जवळजवळ दुप्पट होतात. आणि उन्हाळ्यात जांभ्या मातीची तांबडी धूळ आहेच.

२२/२५
पावसाळ्याची गोष्ट वेगळी. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जाते, थोडी रिंगांवरून चेंबरमध्ये शिरते. लांबच्या प्रवासात तेल तापून ती उडून जाते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्या धुक्यात दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचे तेल पुरेसे तापतच नाही. पाणी आत साचते आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय दिसू लागते. बंगल्यात महिनोन्महिने उभी असलेली गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालली, तरी तिचे तेल वर्षाने बदलायचे ते यासाठी.

२३/२५
टांगेवाल्याचे शहाणपण यंत्रात उतरवले गेले ते १९८० च्या दशकात. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील रसायनतज्ज्ञ शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनाचे फेरे आणि तेलाचे तापमान यांवरून तेलाचे उरलेले आयुष्य काढणारी पद्धत विकसित केली. १९८८ मध्ये ती मोटारीत आली. तेल फार तापले किंवा फार थंड राहिले, तर प्रत्येक फेरा जास्त ‘वजनाचा’ धरायचा, हे तिचे सार. आता अनेक गाड्यांत ‘ऑईलचे आयुष्य’ टक्क्यांत दिसते. मात्र ही गणना धूळ ओळखत नाही आणि चेंबरमधली पातळीही सांगत नाही. पट्टी काढून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.

२४/२५
इतिहासाच्या या हिशेबातून निर्णय असा निघतो. आधी आपल्या गाडीची पुस्तिका आणि तिने सांगितलेल्या दर्जाचे तेल. वापर महामार्गाचा असेल तर पुस्तिकेतला पूर्ण अवधी बिनधास्त वापरावा. पाच हजारांवर ऑईल फेकणे ही सवय आहे, काळजी नव्हे. वापर घाट, धूळ आणि लहान फेऱ्यांचा असेल तर कठीण वापराचा अवधी पाळावा. दोन्हींत वर्षाची मर्यादा पाळावी आणि फिल्टर बरोबरच बदलावा. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर तेलात इंधन किंवा पाणी मिसळते आहे. विशेषतः काजळीची गाळणी असलेल्या नव्या डिझेल गाड्यांत हे पाहावे. पातळी घटत असेल तर पुढच्या बदलाची वाट पाहू नये. टॅक्सीवाल्याच्या घरात इंजिनाचे काम निघणे म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई जाणे.

२५/२५
मग धोका नको म्हणून सरसकट लवकर का बदलू नये? कारण काढलेले तेल कुठेतरी जातेच. गावोगाव हे ‘जळके ऑईल’ सेंट्रिंगच्या प्लेटांना आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासतात; उरलेले गटारात. एका वेळच्या ऑईल बदलातले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. भारतात वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचरा ठरते आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवलेल्या वेण्णा तलावाचे पाणी आजही या गावांत पिण्यासाठी जाते आणि क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कराड, सांगली करत पूर्वसमुद्रापर्यंत पोहोचते. इथे वरच्या अंगाला सांडलेले तेल खालच्या सगळ्या गावांच्या वाट्याला येते. म्हणून पुढच्या वेळी काचेवर तो कागद चिकटवला जाईल, तेव्हा गॅरेजमध्ये दोन प्रश्न विचारावेत : हा आकडा या गाडीच्या कोणत्या वापरावरून लिहिला? आणि काढलेले ऑईल कुठे जाते?